फुल क्रीम, टोन्ड की डबल टोन्ड? दुधाच्या पिशवीवरचा आकडा कसा वाचायचा

जानेवारी २०२६ मध्ये अमेरिकेने आपली आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वं नव्याने जाहीर केली आणि त्यात साखर न घातलेल्या फुल-फॅट दूध-दह्याला पसंती दिली. तिथल्या शाळांमध्ये २०१२ पासून मुलांना एक टक्का फॅटचं किंवा अजिबात फॅट नसलेलं दूधच मिळत होतं. त्याच महिन्यात कायदा बदलून शाळांना ‘होल मिल्क’ पुन्हा देण्याची मुभा मिळाली. अशी बातमी वाचली की आपल्याकडे साहजिक प्रश्न पडतो: डॉक्टरांनी साय बंद करायला सांगितली होती, मग आता परत फुल क्रीमची पिशवी आणायची का?

थांबा. अमेरिकेतल्या होल मिल्कमध्ये फॅट असतं किमान सव्वातीन टक्के. आपल्या फुल क्रीममध्ये ते किमान सहा टक्के असतं. म्हणजे तिकडे ज्या दुधाची बाजू घेतली जाते आहे, ते आपल्या हिशोबात फुल क्रीम नव्हेच. ते आपलं गाईचं दूध किंवा टोन्ड दूध आहे. दुधाबद्दलच्या परदेशी बातम्या वाचताना हा एक फरक लक्षात ठेवला, तर निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. शिवाय सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवणारा फॅटचा प्रकार, रोजच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, ही मर्यादा त्या नव्या तत्त्वांनीही कायम ठेवली आहे.

फॅट आणि एसएनएफ

दूध संस्थेत दूध घालणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो ‘आज फॅट किती लागली आणि डिग्री किती लागली’ याच भाषेत बोलेल. कारण त्याचा दर त्यावरच ठरतो. राज्यात गाईच्या दुधाचा भाव वर्षानुवर्षं ‘३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ’ या गुणवत्तेला धरून जाहीर होत आला आहे.

फॅट म्हणजे दुधातला स्निग्धांश: साय, लोणी, तूप ज्यापासून होतं तो भाग. एसएनएफ म्हणजे पाणी आणि फॅट वगळून उरणारे सगळे घन घटक: प्रथिनं, दुधातली नैसर्गिक साखर म्हणजे लॅक्टोज, कॅल्शियम आणि इतर क्षार. संस्थेत लॅक्टोमीटर दुधात सोडून बघतात ती ‘डिग्री’ म्हणजे दुधाच्या घनतेचं माप. त्या डिग्रीवरून आणि फॅटवरून एसएनएफ काढतात. आता बऱ्याच ठिकाणी यंत्र दोन्ही आकडे थेट दाखवतं.

ग्राहक म्हणून आपण दुधाला ‘घट्ट’ किंवा ‘पातळ’ म्हणतो आणि या दोन गोष्टी एकत्र करून टाकतो. आहाराच्या दृष्टीने मात्र त्या पूर्ण वेगळ्या आहेत. आपल्याला दुधातून जे हवं असतं, म्हणजे प्रथिनं आणि कॅल्शियम, ते एसएनएफमध्ये असतं. उष्मांकाचा फरक पडतो तो फॅटमुळे.

पिशवीवरचे शब्द

पिशवीवर कोणतं नाव लिहायचं हे कंपनीच्या मर्जीवर नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, प्रत्येक नावाला आकडे ठरवून दिले आहेत:

- फुल क्रीम: फॅट किमान ६, एसएनएफ किमान ९ टक्के
- स्टँडर्डाइज्ड: फॅट ४.५, एसएनएफ ८.५
- टोन्ड: फॅट ३, एसएनएफ ८.५
- डबल टोन्ड: फॅट १.५, एसएनएफ ९
- स्किम्ड: फॅट जास्तीत जास्त ०.५, एसएनएफ किमान ८.७

गाईच्या दुधाच्या पिशवीत फॅट साधारण सव्वातीन ते साडेतीन टक्के असतं. सुट्ट्या म्हशीच्या दुधात फॅट किती आहे, हे पिशवीसारखं कुठे छापलेलं नसतं. पंढरपुरी किंवा मुऱ्हा म्हशीचं चांगलं दूध सात टक्क्यांच्या पुढेही जातं. ते फुल क्रीमपेक्षाही जड असतं हे धरून चालावं.

पिशवीच्या रंगावर जाऊ नका. निळी म्हणजे अमुक आणि केशरी म्हणजे तमुक हा हिशोब एका कंपनीपुरताच खरा असतो. गोकुळ, चितळे, कात्रज, वारणा, अमूल, प्रत्येकाची रंगांची व्यवस्था निराळी. मोठ्या अक्षरांतलं ब्रँडचं नाव सोडा, बारीक अक्षरात छापलेला दुधाचा प्रकार आणि फॅटचा आकडा बघा. निव्वळ स्किम्ड दूध आपल्याकडे रोजच्या पिशवीत फारसं मिळत नाही, ते बहुतेक टिकाऊ खोक्यांतून येतं. त्यामुळे आपल्या घरातली खरी निवड असते ती सहा, तीन आणि दीड या तीन आकड्यांमधली.

टोन्ड म्हणजे पाणी घातलेलंच ना?

ही शंका जुनी आहे आणि तिच्यात थोडं तथ्यही आहे. टोन्ड दुधाची कल्पना मुंबईतलीच. १९४० च्या दशकात शहराला दूध पुरत नव्हतं आणि जे होतं ते परवडत नव्हतं. मुंबईच्या दूध योजनेचे आणि आरे कॉलनीचे शिल्पकार दारा खुरोडी यांनी म्हशीच्या दाट दुधात स्किम्ड दुधाची पावडर आणि पाणी मिसळून फॅट तीन टक्क्यांवर आणलं. त्याच फॅटमध्ये जवळजवळ दुप्पट दूध तयार झालं आणि ते स्वस्तात विकता आलं. पुढे १९६३ मध्ये व्हर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत खुरोडींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

म्हणजे पाणी घातलं जाऊ शकतं, पण नुसतं पाणी नव्हे. फरक आकड्यांतच बघा. घरी फुल क्रीम दुधात तेवढंच पाणी घातलं, तर फॅट ६ वरून ३ वर येईल, पण एसएनएफसुद्धा ९ वरून साडेचारवर येईल. प्रथिनं निम्मी, कॅल्शियम निम्मं. टोन्ड दुधात फॅट ३ असताना एसएनएफ साडेआठ ठेवावंच लागतं. ‘दूध जड पडतं’ म्हणून लहान मुलांच्या किंवा आजी-आजोबांच्या दुधात पाणी घालायची पद्धत अनेक घरांत आहे. ती सोडून द्यावी असं मला मनापासून वाटतं. हलकं दूध हवं असेल तर टोन्ड किंवा डबल टोन्ड आणा, त्यात पोषण शिल्लक राहतं.

डबल टोन्डचा एसएनएफ टोन्डपेक्षा जास्त आहे, हेही या यादीत दिसेल. ते दिसायला पातळ असतं, पण प्रथिनांत कमी नसतं.

फॅट काढलं की काय जातं?

कॅल्शियम जात नाही. ते दुधाच्या पाणीदार भागात, बरंचसं केसीन या प्रथिनाला धरून असतं. पाव लिटरच्या पेल्यातून साधारण ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं, मग दूध फुल क्रीम असो की स्किम्ड. प्रौढ माणसाची रोजची गरज भारतीय शिफारशींनुसार १००० मिलिग्रॅम आहे. प्रथिनंही तशीच राहतात, पेल्यामागे आठ ग्रॅमच्या आसपास.

जातात ती ए आणि डी ही दोन जीवनसत्त्वं, कारण ती स्निग्धांशात विरघळलेली असतात. म्हणून कमी फॅटच्या दुधात ती वरून घालतात. पिशवीवर निळ्या रंगात ‘एफ’ हे इंग्रजी अक्षर आणि अधिकचं चिन्ह असेल, तर ते दूध असं पोषणयुक्त केलेलं आहे. त्यात लिटरमागे ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम डी आणि २७० ते ४५० मायक्रोग्रॅम ए असायला हवं. डबल टोन्ड किंवा स्किम्ड घेणाऱ्यांनी हे चिन्ह बघूनच पिशवी घ्यावी. पेल्यातून मिळणारं डी तसं थोडंच असतं. त्यामुळे ज्यांच्यात डीची कमतरता निघाली आहे, त्यांनी दुधावर विसंबून डॉक्टरांनी दिलेलं औषध सोडू नये.

एका पेल्याचा हिशोब

पाव लिटर फुल क्रीममध्ये साधारण १५ ग्रॅम फॅट आणि सव्वादोनशेच्या आतबाहेर उष्मांक असतात. टोन्डमध्ये साडेसात ग्रॅम आणि दीडशेच्या आसपास. डबल टोन्डमध्ये पावणेचार ग्रॅम आणि सव्वाशेच्या आत. स्किम्डमध्ये फॅट नगण्य आणि उष्मांक ऐंशी-नव्वद.

दुधातल्या फॅटचा साठ ते पासष्ट टक्के भाग सॅच्युरेटेड असतो. हे फॅट रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, ते वाढवतं. दिवसाला २००० उष्मांक घेणाऱ्या माणसासाठी दहा टक्क्यांची मर्यादा म्हणजे जेमतेम २२ ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट. फुल क्रीमचे दोन पेले घेतले की त्यातले अठरा-एकोणीस ग्रॅम संपले. वरणावरचं तूप, फोडणीचं तेल, ओल्या खोबऱ्याचं वाटण, पनीर आणि बिस्किटं अजून यायची आहेत. तेच दोन पेले टोन्डचे घेतले तर नऊ-साडेनऊ ग्रॅमच जातात आणि बाकीच्या जेवणाला जागा उरते.

आता महिन्याचा हिशोब करा. चार जणांच्या घरात रोज एक लिटर फुल क्रीम येत असेल, तर महिन्याला एक किलो आठशे ग्रॅम स्निग्धांश घरात येतो. टोन्ड असेल तर नऊशे ग्रॅम, डबल टोन्ड असेल तर साडेचारशे. तेलाची पिशवी महिन्याला किती लागते हे आपल्याला पाठ असतं. दुधातून येणारं हे फॅट कोणी मोजत नाही.

दुधाचा वापर चहापुरताच असेल तर चित्र वेगळं. एका कपाला ५० मिलि धरलं, तर तीन कपांत दीडशे मिलि दूध. फुल क्रीमऐवजी टोन्ड घेतल्याने फॅट साडेचार ग्रॅमने, म्हणजे चाळीसेक उष्मांकांनी कमी होईल. त्याच तीन कपांत दोन-दोन चमचे साखर असेल, तर साखरेचेच शंभर ते सव्वाशे उष्मांक होतात. अशा माणसाने आधी साखरेचा चमचा कमी करावा, दुधाचा प्रकार नंतर बघावा.

मग संशोधन फॅटच्या बाजूने का बोलतं?

कारण दूध म्हणजे नुसतं सॅच्युरेटेड फॅट नव्हे. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ‘प्युअर’ नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भारतासह २१ देशांतली १ लाख ३६ हजारांहून जास्त माणसं होती. दूध-दही जास्त खाणाऱ्यांत मृत्यूचं आणि हृदयविकार-पक्षाघाताचं प्रमाण कमी आढळलं, आणि फुल-फॅट घेणारेही त्याला अपवाद नव्हते. पण हा निरीक्षणाचा अभ्यास होता. अनेक देशांत जो रोज दूध पिऊ शकतो, तो मुळातच बऱ्या परिस्थितीतला असतो. अभ्यासक असे फरक हिशोबात धरतात, तरी ते पूर्ण पुसले जात नाहीत.

‘स्किम्ड पिणारी मुलंच जास्त जाड असतात’ हेही असंच ऐकू येतं. निरीक्षणांत तसं दिसतं खरं, पण ज्या मुलाचं वजन आधीच वाढलं आहे, त्याच्याच घरी कमी फॅटचं दूध सुरू होतं. दुधामुळे वजन की वजनामुळे दूध, हे अशा निरीक्षणांवरून ठरत नाही.

एक प्रयोग मात्र आपल्या घरांसाठी फार महत्त्वाचा वाटतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या स्वीडिश प्रयोगात जास्त वजनाच्या लोकांना आठ आठवडे रोज ४० ग्रॅम दुधाचं फॅट दिलं. एका गटाला ते क्रीमच्या रूपात, दुसऱ्याला तुपासारख्या शुद्ध बटर ऑइलच्या रूपात. दुसऱ्या गटाचं एलडीएल वाढलं, क्रीमच्या गटात तशी वाढ झाली नाही. दुधातलं फॅट सूक्ष्म थेंबांच्या रूपात असतं आणि प्रत्येक थेंबाभोवती एक पातळ आवरण असतं. घुसळताना आणि कढवताना ते आवरण फुटतं. संशोधकांच्या मते फरक त्या आवरणामुळे पडला असावा. प्रयोग छोटा होता, पण दुधातलं फॅट आणि तुपातलं फॅट शरीरात एकसारखं वागेलच असं नाही, एवढं त्यावरून दिसतं.

‘आम्ही साय काढूनच दूध पितो’

हा सगळ्यांत जास्त ऐकू येणारा मुद्दा. दूध उकळून, थंड करून, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून साय काढली की फॅट नक्कीच कमी होतं. पण किती उरलं ते घरी कळत नाही. डेअरीतला सेपरेटर दूध प्रचंड वेगाने फिरवून फॅट एक दशांश टक्क्यापर्यंत खाली आणतो, सायीच्या चमच्याला ते जमणार नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती साय जाते कुठे? भांड्यात साठते, विरजली जाते, घुसळून लोणी निघतं, कढवून तूप होतं आणि पोळीवर येतं. हे म्हणजे एका खिशातले पैसे काढून दुसऱ्या खिशात ठेवणं झालं. घरातलं एकूण फॅट तेवढंच राहिलं. वर, स्वीडनचा प्रयोग खरा धरला, तर आवरण असलेलं फॅट काढून आवरण नसलेलं खाल्लं. घरचं तूप उत्तमच लागतं आणि ते करू नये असं मुळीच म्हणणं नाही. फक्त त्या घरात मग बाहेरून वेगळं तूप-लोणी येऊ नये, आणि दिवसाला माणशी एक-दोन लहान चमच्यांच्या वर ते जाऊ नये.

साय येत नाही म्हणजे भेसळ?

नाही. अनेक पिशव्यांतलं दूध होमोजिनाइज्ड असतं. म्हणजे दाब देऊन बारीक छिद्रांतून ते पाठवतात आणि फॅटचे थेंब इतके लहान होतात की ते वर तरंगत नाहीत. फॅट आहे तेवढंच, फक्त साय धरत नाही. अशा दुधावर साय दिसली नाही म्हणून ते कमी फॅटचं आहे, असंही समजू नये.

कोणी कोणतं घ्यावं

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. वर्षाच्या आत वरचं दूध सुरू करायचं तर बालरोगतज्ज्ञांना विचारूनच. एक ते दोन वर्षांच्या मुलांना कमी फॅटचं दूध देऊ नये, मेंदूच्या वाढीला स्निग्धांश लागतो. गाईचं किंवा फुल क्रीम, दोन्ही चालेल, पण पाणी न घालता. आणि अर्ध्या लिटरच्या पुढे जाऊ नये, कारण दुधानेच पोट भरलं की मूल जेवत नाही, आणि दुधात लोह जवळजवळ नसतंच.

दोन वर्षांपुढचं, वजन बरोबर असलेलं मूल असेल तर गाईचं किंवा टोन्ड. मूल अशक्त असेल तर फुल क्रीम. वजन जास्त असेल तर डबल टोन्ड चालेल, पण त्याआधी दुधात पडणारी चॉकलेटी पावडर बंद करावी.

प्रौढांसाठी माझं मत स्पष्ट आहे: दिवसाला तीनशे मिलिच्या आसपास दूध-दही घेणाऱ्या, तब्येत ठीक असलेल्या माणसाला टोन्ड किंवा गाईचं दूध पुरेसं आहे, स्किम्डपर्यंत जायची गरज नाही. एलडीएल वाढलेलं असेल, हृदयविकार असेल, पोटाचा घेर वाढला असेल, किंवा दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध पोटात जात असेल, तर डबल टोन्ड. ज्या वृद्धांचं जेवण कमी झालं आहे आणि वजन उतरत चाललं आहे, त्यांना मात्र केवळ वय झालं म्हणून पातळ दूध देणं चुकीचं आहे. त्यांना फुल क्रीमचा एक पेला द्यावा.

मधुमेह असणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. फॅट काढल्याने साखर कमी होत नाही. कुठल्याही दुधाच्या पेल्यात बारा ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज असतंच, ते दिवसाच्या हिशोबात धरावं. दूध प्यायल्यावर पोट फुगतं किंवा जुलाब होतात, त्यांचाही त्रास बहुधा याच लॅक्टोजमुळे असतो. त्यावर स्किम्ड हा उपाय नाही. दही किंवा ताक घेऊन बघावं, कारण विरजण्यात लॅक्टोज काही प्रमाणात कमी होतं.

स्वयंपाकात काय बिघडतं

बरेच जण डबल टोन्ड आणतात आणि पंधरा दिवसांत सोडून देतात, कारण दही नीट लागत नाही. त्यावर उपाय आहे. लिटरभर थंड दुधात दोन मोठे चमचे स्किम्ड दुधाची पावडर आधी कालवून घ्यावी, गरम दुधात घातली तर गुठळ्या होतात. मग उकळी आल्यावर मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ढवळत ठेवावं. या उष्णतेने दुधातली निवळीची प्रथिनं केसीनला चिकटतात आणि दही घट्ट बसतं. दूध बोटाला सोसेल इतकं कोमट झालं की दोन लहान चमचे विरजण लावून भांडं हलवू नये. लागल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवावं, बाहेर राहिलं तर आंबटपणा वाढतो आणि पाणी सुटतं.

कमी फॅटचं दूध तळाला लवकर लागतं. भांडं आधी पाण्याने विसळून, न पुसता त्यात दूध ओतावं आणि आच मध्यम ठेवावी. पनीर डबल टोन्डचं करू नये, ते चिवट होतं आणि पडतंही कमी. बासुंदी, पेढे या सणावारी करायच्या गोष्टींना फुल क्रीमच आणावं. त्या महिन्यातून एखाद्या वेळी होतात, आणि हिशोब बिघडतो तो रोजच्या लिटरमुळे.

घरात वेगवेगळ्या गरजांची माणसं असतील तर दोन पिशव्या घेणं सोपं पडतं: सगळ्यांच्या चहा-दह्याला टोन्ड, आणि लहान मुलापुरती किंवा वजन उतरलेल्या आजोबांपुरती अर्ध्या लिटरची फुल क्रीम. चवीची सवय बदलायची असेल तर पहिला आठवडा दोन्ही निम्मं-निम्मं मिसळावं, पुढचा आठवडा एक भाग फुल क्रीमला तीन भाग टोन्ड, आणि मग नुसतं टोन्ड. मिसळायचं ते दुधात दूधच.